गेलेल्या वर्षांचा पंचनामा

पैशाचा हिशेब ठेवणारीं माणसें जगांत पुष्कळ आहेत. वेळेचा हिशेब ठेवणारीं थोडीं. पैसा गेला तर तो कोठें गेला हें तरी सांगतां येतें: चोरानें नेला, व्यापारांत बुडाला, मुलीच्या लग्नांत खर्च झाला. तो आपल्याजवळ नसला तरी कोणाजवळ तरी आहे, एवढें समाधान असतें. वेळ मात्र गेला म्हणजे कोणाच्याही घरीं जमा झालेला दिसत नाहीं. म्हणूनच कीं काय, गेलेल्या पैशापेक्षां गेलेल्या वेळेची हळहळ मनुष्याला अधिक दिवस पुरते. आमच्या आयुष्यांतलीं सहा वर्षें अशीं गेलीं आहेत. तीं आम्हीं खेळांत, व्यसनांत किंवा परदेशच्या प्रवासांत घालविलीं असतीं तर निदान त्यांच्या गोष्टी सांगतां आल्या असत्या. तीं एका आजारांत गेलीं, आणि तो आजार असा कीं, बरा झाल्यावर त्याचा व्रणही कोणाला दाखवितां येत नाहीं.

ह्या सहा वर्षांची आमची पुन्हां गांठ पडली ती महापुराच्या निमित्तानें. आम्ही सांगलीच्या गांवभागांत राहतों. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर चढलें. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आम्ही मिरजेस एका स्नेह्याकडे जाऊन आठवडाभर राहिलों. परत आलों तेव्हां तळमजल्याच्या खोलींत घोटाभर गाळ होता, भिंतीवर छातीच्या उंचीला पाण्याची रेघ उमटली होती, आणि पुस्तकांचें लांकडी कपाट फुगून त्याचीं दारें उघडेनाशीं झालीं होतीं. तीं फोडलीं तेव्हां वरच्या खणांतलीं पुस्तकें वांचलेलीं दिसलीं. खालच्या खणांतून मात्र सहा दैनंदिन्या निघाल्या. दर नव्या वर्षाला बँकेकडून भेट म्हणून येणाऱ्या त्या जाड वह्या. २००८ ची जूनपर्यंत लिहिलेली होती; तिची शाई फुटून पानें निळीं झालीं होतीं. २००९ ते २०१३ ह्या पांच मात्र जशा आल्या तशाच होत्या. पाण्यानें पुसून टाकावें असें त्यांत एक अक्षरही नव्हतें.

त्याच दुपारीं तलाठी पंचनाम्यासाठीं आमच्या गल्लींत आले. शेजारच्या अण्णांचें किराणा दुकान पुरतें गेलें होतें. अण्णा एकेक वस्तु सांगत होते, तलाठी लिहून घेत होते, दोन पंच बाजूला उभे होते. साखरेचीं पोतीं इतकीं, तेलाचे डबे इतके, वजनकाटा एक, फ्रीज एक. सह्या झाल्या. तलाठी पुढच्या घरीं गेले तोंच अण्णा मागून धांवत गेले: वडिलांच्या वेळचा गल्ला राहिला. तो लिहिला गेला. थोड्या वेळानें ते पुन्हां गेले: गुळाच्या ढेपा राहिल्या. त्याही लिहिल्या गेल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हां तलाठी, बिचारे किती रात्री झोपलेले नव्हते कोण जाणे, आवाज न चढवितां म्हणाले, "अण्णा, सह्या झाल्या. आतां गाळ काढायला लागा. वाळला म्हणजे निघायचा नाहीं." अण्णांनीं फावडें उचललें. आम्ही मात्र हातांत कोऱ्या वह्या घेऊन तसेच उभे राहिलों. आमच्या नुकसानीचा पंचनामा तेव्हां पांच वर्षें चालला होता, आणि त्यावर अजून सह्या झाल्या नव्हत्या.

ह्या आजाराला आजकाल सर्वत्र डिप्रेशन म्हणतात. मराठींत नैराश्य म्हणावें किंवा खिन्नता म्हणावें. पण ह्या दोन्ही शब्दांना दुःखाचा वास आहे, आणि आमच्या अनुभवांत दुःख असें फारसें नव्हतेंच. दुःखाला विषय असतो. गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग हें नांव आहे. परंतु अर्जुनाला आपल्या विषादाचें कारण सांगतां येत होतें, तें त्यानें सविस्तर सांगितलें, आणि ऐकून घेणारा सारथि समोर होता. आमचा विषाद मुका होता. पहांटे चारला जाग येई आणि अंथरुणांतून उठावयास साडेआठ होत. दांत घासणें हें एक काम नसून दहा कामें आहेत असें वाटे, आणि त्यांतल्या तिसऱ्या कामापाशींच जीव थकून जाई. कॉलेजांत जात होतों, तासही घेत होतों. पण ते दहा वर्षांपूर्वींच्या टिपणांवर. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर पडून राहत, आणि सहकारी मुकाट्यानें त्यांतले कांहीं आपल्याकडे नेत. पुस्तकाचें पान वाचून उलटावें तों वाचलेलें नाहींसें झालेलें असे. घरीं आल्यावर गॅलरींतल्या खुर्चीवर बसावें आणि जेवावयास हांक येईपर्यंत बसूनच राहावें. लोक म्हणत, "सर हल्लीं फार चिंतनांत असतात." इंग्रजीच्या प्राध्यापकाला ही एक सोय आहे; तो गप्प बसला तर लोक त्याला विचारवंत समजतात.

२०१३ च्या अखेरीस एका जुन्या मित्रानें आम्हांस जवळजवळ हाताला धरून मिरजेच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेलें. गोळ्यांचा गुण पहिल्या दिवशीं आला नाहीं. तो तसा येतही नसतो, कांहीं आठवडे जावे लागतात. पहिली गोळी मानवली नाहीं, दुसरी मानवली. दर पंधरवड्याला तासभर बोलणें होई. तेंही औषधाइतकेंच कामीं आलें. २०१४ च्या मे महिन्यांत एके सकाळीं स्वैपाकघरांतून फोडणीचा वास आला आणि आम्हांस भूक लागली. सहा वर्षें आम्ही जेवत होतोंच. पण भूक लागून जेवलों ते त्या दिवशीं.

वैद्यकाची गोष्ट येथें संपते आणि आमच्या विषयाची सुरू होते. आजारी होतों तोंपर्यंत वेळ गेल्याचें दुःख नव्हतें, कारण वेळेला किंमतच नव्हती. बरें वाटूं लागलें तशी वेळेला किंमत आली, आणि किंमत आली त्याच दिवसापासून मागचें नुकसान दिसूं लागलें. पूर ओसरल्याशिवाय काय वाहून गेलें हें कळत नाहीं. सहा वर्षें म्हणजे दोन हजारांहून अधिक दिवस. आणि तेही अडतिसाव्या वर्षापासून चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंतचे, म्हणजे विद्या पिकलेली असते आणि शरीर थकलेलें नसतें अशा वयांतले. बरोबरीचे लोक ह्या काळांत प्राचार्य झाले, ग्रंथकार झाले, निदान आजोबा होण्याच्या तयारीला लागले. आमचें एक पुस्तक २००७ सालीं तीन प्रकरणें लिहून तसेंच राहिलें होतें. आतां चारला जाग आली कीं आम्ही हिशेब मांडूं लागलों: ह्या दिवसांत काय झालें असतें, काय केलें असतें, कोठें असतों. एकेक रकम आठवे आणि आम्ही अण्णांसारखे तलाठ्यामागें धांवूं. आजार गेला होता, पण त्याची वेळ तेवढी मागें राहिली होती.

योगायोग असा कीं, जें पुस्तक राहिलें तें डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन (१७०९–१७८४) ह्यांजवर होतें. वेळ फुकट गेल्याची हळहळ इतक्या चिकाटीनें क्वचितच कोणीं केली असेल. तरुणपणीं ऑक्सफर्ड सोडल्यावर जॉन्सनला खिन्नतेनें घेरलें, आणि ती पुढें आयुष्यभर अधूनमधून परत येत राहिली. त्याच्या प्रार्थना आणि चिंतनें त्याच्या मृत्यूनंतर १७८५ सालीं प्रसिद्ध झालीं. नव्या वर्षाला, ईस्टरला, स्वतःच्या वाढदिवसाला तो लिहितो कीं मागचा काळ आळसांत गेला, आतां लवकर उठेन, नियमानें वाचीन; आणि पुढच्या खेपेस पुन्हां तेंच. शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ति त्यानें १७५६ सालीं जाहीर केली ती १७६५ सालीं बाहेर पडली. पण ह्याच स्वयंघोषित आळशानें १७५५ सालीं इंग्रजी भाषेचा कोश पुरा केला होता, आणि सत्तरीच्या घरांत कवींचीं चरित्रें लिहिलीं. हें सर्व आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों आणि त्या नवसांवर मुलांना हंसवीत आलों. आजारानंतर तींच पानें उघडलीं तेव्हां हंसूं आलें नाहीं. एक गोष्ट मात्र प्रथमच ध्यानांत आली. इतक्या वर्षांच्या हळहळीनें जॉन्सनला लवकर उठण्याची संवय कांहीं लागली नाहीं. त्याच्या हातून जें काम झालें तें हळहळीमुळें झालें नाहीं. हळहळ चालू असतांही झालें.

ह्या काळांत समजूत घालणारे पुष्कळ भेटले. एक म्हणाले, जें होतें तें बऱ्यासाठींच होतें. दुसरे म्हणाले, ह्या अनुभवानें तुम्ही अधिक समृद्ध झालां असाल. तिसऱ्यांनीं उतारवयांत नांव मिळविलेल्या थोर लोकांची यादीच दिली. ह्या सर्वांचा हेतु चांगला होता. पण त्यांच्या बोलण्यानें आमचें समाधान झालें नाहीं, आणि तें न होणेंच योग्य होतें असें आम्हांस अजून वाटतें. गेलें तें गेलें. त्याला लाभ म्हणणें म्हणजे वाहून गेलेल्या साखरेनें कृष्णेचें पाणी गोड झालें म्हणून अण्णांचें अभिनंदन करण्यासारखें आहे. नुकसानीला नुकसान म्हणण्याचा अधिकार मनुष्याला असला पाहिजे. पंचनाम्याचा पहिला उपयोग तोच: सरकारी कागदावर का होईना, हें गेलें असें कोणीतरी मान्य करतें.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा, आणि तो आम्हांस कोणीं विचारला नाहीं; आमचा आम्हींच रोज विचारला. आजार होता हें खरें. पण पांच वर्षें डॉक्टरांकडे कां गेलां नाहीं? शिकलेले होतां, पैसा होता, मिरज दहा किलोमीटरही नाहीं. चरकानें सूत्रस्थानांत रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलें आहे. हें आम्हीं वाचलें होतें. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत केलेल्या पाहणीवरून दिसतें कीं देशांत दर वीस माणसांत सुमारें एकाला केव्हां ना केव्हां हा विकार होतो, आणि मानसिक विकार असलेले बहुतेक लोक उपचारांपर्यंत पोंचतच नाहींत. तेव्हां आम्ही कांहीं जगावेगळे नव्हतों. तरीही "सगळेच असें करतात" हें उत्तर विद्यार्थ्यांकडून आम्ही कधीं मान्य केलेलें नाहीं, मग स्वतःकडून कसें करावें?

पुष्कळ दिवसांनीं आम्हांस ह्या खटल्यांतली एक गोम कळली. न्याय करणारा मनुष्य आजचा होता. त्याला रात्रीं झोप लागत होती, सकाळीं भूक लागत होती, दहा किलोमीटर म्हणजे त्याला कांहींच वाटत नव्हतें. आरोपी मनुष्य २०१० चा होता. नळ सोडतांना त्याचे प्राण कंठाशीं येत होते. ज्या शक्तीनें डॉक्टरांकडे जावयाचें तीच शक्ति त्या आजारानें आधीं नेली होती. आपल्या आजच्या बळानें कालच्या दुर्बळाला मोजणें हा अन्याय आहे. तो आपण दुसऱ्याच्या बाबतींत सहसा करीत नाहीं, स्वतःच्या बाबतींत मात्र त्याला प्रामाणिकपणा म्हणतों. सर्वच दोष ह्यानें धुऊन जातो असें आमचें म्हणणें नाहीं. पत्नीनें दोनदां सुचविलें होतें आणि दोन्ही वेळां आम्हीं तें चिडून उडवून लावलें. तेवढा भाग आमचा. पण तेवढाच.

पुस्तकाची हळहळ अशा विचारांनीं बरीच निवळली. मराठी वाचकांचें जॉन्सनवांचून कांहीं अडलें नव्हतें. मुलीची गोष्ट मात्र निराळी होती. ती २००८ सालीं सात वर्षांची होती. आम्ही बरे झालों तेव्हां तेरा वर्षांची. सात वर्षांची मुलगी आम्हांस आठवते, तेरा वर्षांची आठवते. मधली आठवत नाहीं. छायाचित्रांत ती आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं तिच्या बाजूला आम्हीही आहों. पण ते प्रसंग दुसऱ्याच कोणाच्या घरचे असावेत असें वाटतें.

बरे झाल्यापासून आम्ही तिची माफी मागत आलों. प्रत्येक वाढदिवशीं, प्रत्येक दिवाळींत, ती पुण्यास शिकावयास निघाली त्या दिवशीं एस्. टी. स्थानकावर. २०२२ च्या दिवाळींत आम्हीं पुन्हां तोच विषय काढला. ती पणत्यांत तेल घालीत होती. हातांतलें भांडें खालीं ठेवून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माफी मागितली कीं दर वेळीं मला तुमची समजूत घालावी लागते. लहानपणीं तुम्ही नुसते बसलेले असायचां, तेव्हांही मीच तुमच्याकडे बघून शहाण्यासारखी वागत होतें. आतांही मीच. पुरे कीं आतां."

इतकीं वर्षें आम्हांस वाटत होतें कीं पश्चात्ताप हें आम्ही फेडीत असलेलें ऋण आहे. तें ऋण नव्हतें; नवीन कर होता, आणि तो ज्याचें नुकसान झालें त्याच्याचकडून आम्ही वसूल करीत होतों. आमचें मन हलकें करण्याचें काम त्या पोरीनें आणखी आठ वर्षें करावें अशी ती व्यवस्था होती. जीं वर्षें आजारानें नेलीं त्यांचा दोष आजाराला देतां येतो. त्यानंतरच्या आठ वर्षांत, ती समोर बसलेली असतां, आम्ही तिच्याकडे न पाहतां तिच्या सात वर्षांच्या मूर्तीकडे पाहत होतों, ह्याचा दोष कोणाला द्यावयाचा?

आम्हीं तिला म्हटलें, "माफी मागत नाहीं. तुझें काय काय गेलें तें एकदां सांग. आम्ही मधें बोलणार नाहीं." तिनें थोडा वेळ विचार केला आणि सांगितलें. पांचवीच्या स्नेहसंमेलनांत ती नाटकांत होती. तिसऱ्या रांगेंत आईशेजारीं आमच्यासाठीं खुर्ची धरून ठेवली होती, आणि नाटकभर तिचें लक्ष त्या खुर्चीकडे होतें, दोन वाक्यें चुकलीं तीं त्यामुळें. सायकल तिला शेजारच्या अण्णांनीं शिकविली. घरीं आवाज नको म्हणून तिनें मैत्रिणींना घरीं आणणें सोडलें, आणि मग मैत्रिणींनींही तिला बोलावणें सोडलें. हें सर्व तिनें दुकानाची यादी सांगावी तसें सांगितलें. शेवटीं म्हणाली, "आणि पेन्सिली."

आम्हांस कांहीं कळेना. ती म्हणाली, "रोज संध्याकाळीं मी गॅलरींत तुमच्याशेजारीं अभ्यासाला बसायचें. तुम्ही बोलत नव्हतां. पण माझ्या सगळ्या पेन्सिलींना टोंक करून एका ओळींत मांडून ठेवत होतां. रोज. वर्गांत माझ्यासारख्या पेन्सिली कोणाच्याच नसायच्या."

आम्हांस ह्यांतलें कांहींएक आठवत नाहीं. पेन्सिलींनीं ती रिकामी खुर्ची भरून निघते असें तिनें म्हटलें नाहीं, आणि आम्हीही म्हणत नाहीं. पण आमची वही पांच वर्षें कोरी आहे म्हणून ते दिवसही कोरे होते, हें आमचें गृहीत त्या संध्याकाळीं ढळलें. विल्यम्स आणि ब्रॉडबेंट ह्या मानसशास्त्रज्ञांनीं १९८६ सालीं एक गोष्ट दाखविली आणि पुढें नैराश्याच्या रुग्णांत ती वारंवार आढळून आली: अशा माणसाला एखादा शब्द देऊन त्यावरून आठवणारा नेमका एक प्रसंग सांगा म्हटलें, तर तो प्रसंग सांगत नाहीं, "सुटींत आम्ही गांवीं जात असूं" असें मोघम उत्तर देतो. तपशील निसटतो आणि सारांश तेवढा उरतो. म्हणजे ज्या आजारानें ते दिवस नासविले, त्यानेंच त्या दिवसांची वही लिहिली. आणि बरे झाल्यावरही आम्ही त्याच वहीवरून हिशेब तपासत होतों. ज्यानें चोरी केली त्यालाच कारकून नेमल्यावर जमेच्या बाजूला कांहीं दिसावें कसें?

त्या रात्रीं आम्हांस जॉन्सनचीच दुसरी एक गोष्ट आठवली. बॉस्वेलनें १७९१ च्या चरित्रांत ती दिली आहे. जॉन्सनचा बाप लिचफील्डचा पुस्तकविक्या. तो उटॉक्सेटरच्या बाजारांत पुस्तकांचें दुकान मांडी. एकदां त्यानें मुलाला बरोबर ये म्हटलें, आणि मुलानें गर्वानें नकार दिला. बाप १७३१ सालीं वारला. पुढें म्हातारपणीं जॉन्सन त्या बाजारांत गेला आणि बापाचें दुकान जेथें लागे त्या जागीं पावसांत, उघड्या डोक्यानें, पुष्कळ वेळ उभा राहिला. ही गोष्ट वर्गांत सांगतांना आम्ही नेहमीं त्या पावसावर भर देत असूं. आतां वाटतें, भर द्यावयाचा तो दुसऱ्याच एका गोष्टीवर. दरसालचे नवस त्यानें अनेक वर्षें केले. उटॉक्सेटरला तो एकदांच गेला. नेमकी जागा, नेमका अपराध, भिजण्याइतका वेळ. आणि मग घरीं परत.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं गच्चीवर वाळवून ठेवलेली २०१३ ची दैनंदिनी काढली आणि तिच्या एका पानावर पंचनामा लिहिला. जॉन्सनवरील पुस्तक, एक. एका संशोधक विद्यार्थ्याचीं तीन प्रकरणें आमच्या कपाटांत चौदा महिने न वाचतां पडलीं, तीं. त्याला मार्गदर्शक बदलावा लागला आणि त्याचीं दोन वर्षें गेलीं, तीं. पांचवीचें स्नेहसंमेलन. सायकल. मैत्रिणी. शेवटीं पत्नीचीं सहा वर्षें लिहिलीं आणि तपशील विचारला. ती म्हणाली, "त्या वर्षांचें माझें मीं पाहून घेतलें." ह्यापलीकडे तिनें कांहीं सांगितलें नाहीं, म्हणून तेथें तपशील नाहीं. त्या दोघींच्या पंच म्हणून सह्या घेतल्या. पत्नीनें "ह्याला कागद कशाला?" म्हणत चष्मा शोधला, आणि पान दोनदां वाचून मगच सही केली. विद्यार्थ्याला आम्हीं एक पत्र लिहिलें. सबब न सांगतां, अपराध नांवानिशीं सांगून. त्याचें उत्तर आलें नाहीं. उत्तर देणें न देणें हा त्याचा अधिकार आहे. दुसरें पत्र आम्हीं लिहिलें नाहीं.

ह्यानें हळहळ संपली काय? नाहीं. पहांटे चारला ती अजूनही कधीं कधीं येते आणि राहिलेली एखादी वस्तु सांगते. वस्तु खरी असेल तर आम्ही सकाळीं तिची नोंद घेतों. बहुधा ती आधींच पानावर असते. मग मनाशीं म्हणतों कीं सह्या झाल्या, आणि उठून हाताशीं असलेलें काम घेतों. सगळ्याच दिवशीं हें साधतें असें नाहीं. मुलीला फोन करतों तेव्हां मागचें काढीत नाहीं. तिच्या कचेरींतलीं भांडणें ऐकतों, आणि तीं ऐकण्यासारखीं असतात असा शोध आम्हांस लागला आहे. पुस्तकाचीं तीन प्रकरणें नव्यानें लिहावयास घेतलीं आहेत. पुरीं होतील कीं नाहीं कोण जाणे. वर्गांत एखाद्या मुलाचा चेहरा ओळखीचा वाटला, म्हणजे आमच्या २०१० च्या चेहऱ्यासारखा वाटला, तर त्याला खोलींत बोलावून झोपेची आणि भुकेची सरळ चौकशी करतों. चार-पांच जणांना स्वतः बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेलों आहों. ह्यानें आमचे दिवस परत येत नाहींत. पण नळ सोडण्याचीही शक्ति नसलेल्याला "जा" म्हणून उपयोग नसतो, बरोबर जावें लागतें, एवढें आम्हांस मित्रानें शिकविलें होतें.

हा विकार पुष्कळांना पुन्हां होतो, हेंही आम्ही विसरलेलों नाहीं. डॉक्टरांकडे ठरलेल्या दिवशीं जातों, आणि पत्नीनें पुन्हां कधीं सुचविलें तर चिडावयाचें नाहीं असें घरांत ठरलें आहे. पूर ओसरल्यावर घर रंगविलें तेव्हां रंगाऱ्यानें विचारलें होतें, "सर, रेघ बुजवूं का?" दाराजवळची वीतभर रेघ तेवढी ठेवली आणि तिच्यावर तारीख घातली, बाकी भिंत रंगविली. नवें कपाट केलें तें त्याच जागीं, पण खालचा खण मुद्दाम रिकामा ठेवला. जुलै २०२१ मध्यें पाणी पुन्हां आलें आणि खालच्या खणांत शिरलें. तेथें कांहीं नव्हतें. कांहीं गेलें नाहीं. पाणी उतरल्यावर आम्हीं गाळ ओला होता तोंच काढला.